पवनदेवाचा गुरुवार

पाच मिनिटं स्टेजवर उभं राहायचं आणि एक वाक्य बोलायचं, एवढ्या बदल्यात श्रीनाथ सरांना पाऊण लाखाची पवनचक्की फुकट मिळणार होती. वाक्य असं : "मी फिजिक्स शिकवतो, आणि मी हे डोळ्यांनी पाहिलंय." लातुरात नीटच्या क्लासचे सर बोलले की पालकांना दुसरी सही लागत नाही.

भामाबाईंच्या मेसमागचं पटांगण खच्चून भरलं होतं. मधोमध खांबावर मीटरभराची चक्की गरगरत होती आणि खाली तिच्या वायरीवर मार्तंडबाबांची इलेक्ट्रिक गाडी चार्ज होत होती. शेजारच्या लिंबाचं पान हलत नव्हतं.

"भूकंपात तीन दिस ढिगाऱ्याखाली होतो," बाबा माइकवर सांगत होते. "पवनदेवानं कानात फुंकर मारली! घरच्या घरी गाडी भरा, बिल शून्य. बुकिंग फक्त दहा हजार!"

त्या साली बाबा औशात कूलर दुरुस्त करत होते. पण हे सांगायला औशाचं कुणी आलं नव्हतं.

सर स्टेजकडे निघाले, तोच भामाबाईंनी त्यांना मेसच्या दारात गाठलं.

"सर, बाबाचा देव दर गुरुवारी धा ते दोन चक्की थांबवून निजतो का?"

"मौन असतं म्हणे त्याचं."

"हाव का? माझा मिक्सर बी त्याच टायमाला मौन धरतो. तारा दुरुस्तीला लाईट जाती न्हाई का, तवा."

सर हसले, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. रोज शंभर पोरांना भागाकार करायला लावणाऱ्या या माणसानं स्वतः एकही केला नव्हता. तो आता केला. एवढ्याशा पात्यांतून दिवसाला पाव युनिट निघालं तरी पुष्कळ. गाडीला लागतात तीस. म्हणजे चार महिने. बाबांची गाडी सकाळपासून भरत आली होती.

"पटांगणाची लाईट कुणाच्या मीटरवर?"

"माझ्याच की. दोन बल्बापुरती मागितली व्हती."

"मी माइक धरला की मेन स्विच पाडा."

सरांनी माइक धरला. "मी फिजिक्स शिकवतो," म्हणेपर्यंत माइक गेला आणि चक्की थांबली. गाडीवरचा हिरवा दिवाही विझला.

"देव कोपला!" बाबा ओरडले.

"कोपला न्हाई, म्या बंद केलाय," भामाबाई दारातून म्हणाल्या. "करू चालू?"

खटका वर, चक्की सुरू. खटका खाली, चक्की बंद. तिसऱ्या खेपेला लोक हसायला लागले.

सरांनी खांबाचं झाकण उचकटलं. आत पंख्याची मोटार आणि जमिनीखालून मेसच्या भिंतीकडे गेलेली वायर.

"विजेनं चक्की फिरत होती आणि त्याच विजेनं गाडी भरत होती," सर म्हणाले. "वाऱ्यापासून वीज होते, ते खोटं नाही. पण किती होते, ते मोजा. माझ्या शब्दावर जाऊ नका. मी न मोजताच इथवर आलो होतो."

छत्तीस पालकांनी आपापले दहा हजार बुकिंगच्या पेटीतून परत मोजून घेतले. त्या गर्दीत बाबा गाडीत बसून निघून गेले. गाडी जवळजवळ पूर्ण भरलेली होती. दोन पालकांनी 'सरांना श्रद्धा नाही' म्हणून क्लासमधून पोरं काढली. बिल आलं ते भामाबाईंच्या नावावर. निम्मं सरांनी भरलं. एवढ्या मोठ्या चमत्कारात खिशाला चाट बसली ती तो उघडा पाडणाऱ्या दोघांनाच.