तबकड्या दादाच्या, कव्हरं छोट्याची

ताईच्या भावांना देवाने अक्कल दिली नव्हती असं कुणी म्हणू नये. भरपूर दिली होती. वापरून झिजू नये म्हणून दोघांनी ती जपून ठेवली होती, इतकंच.

दादाचं चष्म्याचं दुकान होतं आणि छोट्या शाळेत चित्रकला शिकवायचा. डोक्यावर चांदी आली तरी घरात तो छोट्याच, आणि दादाहून धाकटी असूनही ताई दोघांची ताईच. तरुणपणी या दोघांना एकच वेड लागलं. ब्रिटनमधल्या कुठल्याशा गावात चार मित्रांनी एक रेकॉर्ड कंपनी काढली होती. मोठ्या कंपन्यांची मिंधी नसलेली, स्वतःच्या हिमतीवरची. नवख्या पोरांचे बँड शोधायचे, या बाजूला एक गाणं, त्या बाजूला एक, अशा बशीएवढ्या तबकड्या, म्हणजे सिंगल्स, काढायच्या आणि कागदी कव्हरं घरीच चिकटवून विकायच्या. थोडी वर्षं चालून कंपनी गुंडाळली गेली. तिकडच्या लोकांनी ती गाणी ऐकली, नाचले, विसरून गेले. इकडे या दोघांनी मात्र पोस्टाने मागवून, कुणाकुणाचे पाय धरून, पहिल्या क्रमांकापासून शेवटच्यापर्यंत एकूण एक सिंगल जमवली. ऐकायला नव्हे. ऐकली की झिजते.

आईवडील गेले, घर विकलं, वाटणी झाली. कपाटं, भांडी, भिंतीवरचं घड्याळ शहाण्या माणसांसारखं वाटून झालं आणि गाडी सिंगल्सवर येऊन अडली. अर्ध्या अर्ध्या घ्या, असं ताई म्हणाली तेव्हा दोघांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने विष वाटायला काढलं होतं. क्रम तुटला की मालिका मेली, म्हणे. शेवटी तोडगा निघाला, आणि त्याला दोन दोन डोकी लागली हेच नवल. तबकड्या दादाने नेल्या, कव्हरं छोट्याने. जीव माझ्याकडे आलाय, असं दादा सांगायचा. चेहरा माझ्याकडे आहे, असं छोट्या. समोरचा आज ना उद्या नाक घासत येईल याची दोघांना खात्री होती. आलं कुणीच नाही. आला तो अबोला.

दादाने तबकड्या पांढऱ्या पाकिटांत घालून कपाटात उभ्या लावल्या आणि आत हवेतला ओलावा मोजणारं यंत्र ठेवलं. शेजारच्या खोलीत वहिनी दम्याने रात्रंदिवस खोकायची. तिथला ओलावा मोजायची गरज त्याला कधी वाटली नाही. छोट्याने कव्हरांची पोटं खपाटीला जाऊ नयेत म्हणून त्यांत पुठ्ठ्याच्या गोल चकत्या कापून घातल्या आणि पाहुण्यांना ती कव्हरंच दाखवत बसला.

यात ताईचे मात्र भाऊ गेले. ऑपरेशन होऊन ती इस्पितळात पडली होती, तेव्हा यांतला एकेक जण दारातूनच नर्सला विचारायचा, "आत दुसरा कुणी बसलाय का? असेल तर मी मागाहून येतो." नर्सला वाटलं, यांची कोर्टकचेरी चालू असावी. डोळे मिटायच्या आत दोघांनी एकदा आपल्या टेबलाशी बसून चार घास खावेत, एवढीच ताईची इच्छा होती. गणगोतात सगळ्यांनी समजावून पाहिलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

मग एक दिवस संग्रहालयातल्या बाई उगवल्या. लहान रेकॉर्ड कंपन्यांचं प्रदर्शन भरणार होतं आणि ही अख्खी मालिका याच शहरात, पण दोन घरांत आहे, असं त्यांच्या कानावर आलं होतं. दोन्ही घरी जाऊन त्यांनी गळ घातली. बहिणीच्या आजारपणाने जे जमलं नव्हतं ते प्रदर्शनातल्या काचेच्या पेटीने केलं. दोघेही तयार झाले, पण एकमेकांच्या घरी पाऊल टाकणार नाही म्हणाले. मग ठरलं ताईचं घर.

रविवारी ताई पहाटेपासून स्वयंपाकाला लागली. दोघे आले, आणि आल्या आल्या तिच्या जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर पसरून त्यांनी ते ताब्यात घेतलं. पंखा बंद, कव्हरं उडतील. खिडकी बंद, धूळ येईल. चहा नको, सांडेल. हातात सुती मोजे चढले. ताईचे यजमान पेपर घेऊन कोपऱ्यात बसले होते. ते हळूच म्हणाले, "भूल देणारा डॉक्टर यायचाय का अजून?"

"ताई, त्याला सांग, पहिलं कव्हर पुढे कर," दादा म्हणाला.

"ताई, त्याला सांग, मी बहिरा नाही."

"मग तोंडाने बोल की!"

"तू आधी बोल. थोरला ना तू?"

ताई दाराशी उभी राहून बघत राहिली. पहिली तबकडी पहिल्या कव्हरात गेली, दुसरी दुसऱ्यात. हळूहळू 'त्याला सांग' गळून पडलं. एका कव्हरावर छपाईवाल्याने बँडचा फोटो उलटा छापला होता; तो पाहताच दादाला हसू फुटलं. "हे आलं तेव्हा तू रडला होतास, छोट्या. बदलून मागव म्हणून."

"आणि तू म्हणालास, मूर्खा, उलटं आहे म्हणून तर दुर्मीळ आहे!"

दोघे पोटं धरून हसले. ताई आत गेली, पदराने डोळे टिपले आणि पानांची तयारी करता करता हौसेने ओरडली, "एखादी लावा की रे! यांचा जुना प्लेअर आहे कपाटावर."

बाहेरून दादाचा आवाज आला, "लावा म्हणजे? सुई लावायची?"

"मग त्यात गाणं कुठलं आहे ते कसं कळणार?"

"सात नंबर आहे तो," छोट्या समजुतीच्या सुरात म्हणाला. "गाण्याचं काय घेऊन बसलीस?"

दुपारी संग्रहालयातल्या बाई आल्या. भरलेली मालिका पाहून त्यांचे हात आपोआप जोडले गेले. "अप्रतिम! पेटीत ही अशीच मांडू, कव्हरासकट. तबकड्या आतच राहू द्या. दिव्यांच्या उष्णतेने वाकतात त्या."

दादा मोजे काढत होता, तो थांबला. "आतच म्हणजे? लोकांना दिसणार काय?"

"कव्हरं दिसतील ना."

"म्हणजे ह्याचा माल दिसणार आणि माझा अंधारात?"

"दादा, अरे चेहराच तर बघतात लोक," छोट्या म्हणाला, आणि त्याला हसू आवरलं नाही. तेच नडलं.

"कागदाची टरफलं गोळा केलीस आणि चेहरा म्हणतोस?"

"आणि तू? काळ्या थाळ्या! बाहेर ठेवल्या तर कुत्रं पाणी प्यायला येईल!"

"काढ माझ्या तबकड्या बाहेर! आत्ताच्या आत्ता!"

"माझ्या कव्हरांना हात लावशील तर याद राख. कोपरा दुमडला तर?"

"मग तू काढ."

"मी काढू? ओरखडा पडला की माझ्या नावाने बोंब मारायला तू मोकळा."

बाईंनी दोघांकडे पाहिलं, पर्स उचलली आणि म्हणाल्या, "नाहीच जमलं तर आम्ही फोटो लावू."

"फोटो?" दोघे एकाच दमात ओरडले. त्या दिवशी त्यांचं एकमत झालं ते एवढंच.

बाई गेल्या. संध्याकाळपर्यंत दोघे टेबलाच्या दोन बाजूंना पहाऱ्याला बसावं तसे बसून राहिले. दादाची हात लावायची हिंमत नव्हती, छोट्याची लावू द्यायची. जेवण निवून गेलं. शेवटी ठरलं की सगळं इथेच राहील आणि दुसरा हजर असल्याखेरीज कुणी चादर उचलायची नाही. एक पुढच्या दाराने निघून गेला, दुसरा मागच्या.

ताईने अन्न झाकून ठेवलं आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच दोन घास घेतले. यजमान ताट मांडीवर घेऊन जेवले. "तुझं टेबल गेलं," ते म्हणाले. "आता आपण बेडरूममध्ये पंगत मांडू."

तीन दिवस ताई त्या टेबलाला वळसा घालून वावरत होती. भावांची तिला कीव येईना, राग येईना; आपण इतकी वर्षं कुणासाठी झुरलो, याचीच लाज वाटत होती. पैसे देऊन आणलेल्या त्या तबकड्यांइतकंही आपल्याला यांनी कधी उन्हापासून जपलं नाही. चादरीला हिसडा देऊन सगळा पसारा जमिनीवर आणावा, असं तिच्या मनात दोनदा येऊन गेलं.

चौथ्या दिवशी सकाळी फोन वाजला. छोट्या होता. आवाज दबका. "ताई, दादा येऊन गेला का गं तिकडे? खरं सांग."

ताई जन्मात खोटं बोलली नव्हती. तिने टेबलाकडे पाहिलं. एक श्वास घेतला.

"इथेच बसलाय," ती म्हणाली. "चष्मा पुसतोय."

"हात लावू देऊ नकोस! निघालोच मी!"

तिने फोन ठेवला, पुन्हा उचलला आणि दादाच्या दुकानाचा नंबर फिरवला. "दादा, छोट्या येतोय. भिंग घेऊन येतो म्हणालाय."

"दुकान बंद करतो," दादा म्हणाला.

ताईने तोंडावरून पाणी फिरवलं, देवाची मनातल्या मनात क्षमा मागितली, आणि गॅसवरच्या भांड्यात आणखी दोघांपुरतं टाकलं.