गंधालीचा कूलर

मी एक जुना लोखंडी कूलर आहे. मित्रांनो, जुना म्हणवून घ्यायची मला लाज वाटत नाही. मला राग येतो तो 'याच्यावर आमचा फार जीव' असं म्हणत मला गंजू देणाऱ्यांचा.

रायपूरच्या गोल बाजारात एका कारागिराने पत्रा ठोकून मला घडवलं. त्याच उन्हाळ्यात तिथल्याच तात्यापारा मोहल्ल्यात गंगाधररावांच्या घरी गंधाली जन्मली. गंगाधरराव रेल्वेतून दमून आले तरी आधी माझी टाकी भरायचे, माझ्या बाजूंच्या वाळ्याच्या ताट्या भिजवायचे. मी खडखडत सुरू झालो की पोर लगेच झोपायची. वीज गेली आणि मी थांबलो की रडून घर डोक्यावर घ्यायची. तेव्हा माझं कोण कौतुक!

पुढे गंधाली लग्न होऊन पुण्याला गेली, घरात एसी आला आणि माझी रवानगी गच्चीवर झाली. डोक्यावर फुटकी कुंडी, पोटात जुने जोडे, टाकीत साचलेलं पाणी आणि त्यात डास. एवढं करून गंगाधरराव येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगणार, हा आमच्या गंधालीचा कूलर. अहो, मग निदान पाणी तरी ओता! भंगारवाला दोनदा आला. दोन्ही वेळा मला अर्ध्या जिन्यापर्यंत नेलं आणि तिथून परत वर चढवलं.

शेवटी मंदाकिनीबाई नवऱ्यावर वैतागल्या. "काहून सांभाळून राहिले त्याले? पोट्टी सासरी गेली, हा काही जात नाही."

गंगाधररावांनी माझ्या डोक्यावरची कुंडी उगाच सरळ केली. त्यांचे डोळे भरून आले होते, ते फक्त मला दिसले.

यंदा एप्रिलमध्ये गल्लीतल्या विजयाताईंनी मला मागितलं. त्यांच्या पाळणाघरावर टिनाचं छप्पर. दुपारी मुलं घामाने जागी होत आणि एकाचं पाहून दुसरं रडे. गंगाधररावांनी सबबी सांगून पाहिल्या. मोटर जळेल, पंप जुना आहे. मला तर ओरडावंसं वाटत होतं. मग त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"ने बापा. पण विजया, पाणी रोज बदलजो."

मित्रांनो, हे कोण सांगतंय पाहा!

तरी त्यांनी स्वतः मला घासलं, तेल दिलं, नव्या ताट्या बसवल्या. पाळणाघरात मी पहिल्यांदा खडखडलो तेव्हा मुलं दचकली, मग एकेक करून आडवी झाली. कितीतरी वर्षांनी मला माझं काम मिळालं.

म्हणून सांगतो, आवडती वस्तू वापरा, तिची निगा राखा. ते जमत नसेल तर जिथे ती उपयोगी पडेल तिथे देऊन टाका. तिला गच्चीवर ठेवून वर माया सांगू नका.

आता गंगाधरराव रोज दुपारी 'पंप पाहायला' येतात. पंपाला काही झालेलं नाही. उगाच माझं झाकण उघडतात, लावतात, भिंतीला टेकून बसतात आणि डुलकी घेतात.

"हळू बोला रे पोट्टेहो, आजोबा झोपून राहिले," विजयाताई म्हणतात.

माझ्या खडखडाटात कोणाचं बोलणं ऐकू जाणार? ते बोलण्याने उठत नाहीत. वीज गेली आणि मी थांबलो, की मात्र दचकून जागे होतात.