नावाचा रकाना

मला स्वस्थ बसवत नाही, हा माझा जुना रोग. नारीनच्या डोंगराळ मुलखात घरोघरी सिलिंडर पोचवणाऱ्या ऑक्सिजन केंद्रात मी रुजू झाले तेव्हा सगळा कारभार तुर्सुनाय एजेंच्या एका वहीत चालत होता. वयाने मोठ्या बाईला आमच्याकडे एजे म्हणतात, आणि या एजे तर सगळ्या केंद्राच्याच. वहीत नोंदी अशा: "नदीकाठचे थोरले, शुक्रवारपर्यंत पुरेल." कोण थोरले, कुठली नदी, ते फक्त एजेंना ठाऊक. राजधानीत, बिश्केकमध्ये शिकून आलेली मी, ती वही पाहून माझं डोकंच फिरलं.

तीन आठवड्यांत मी सगळं ॲपवर आणलं. त्यात कोड लिहावा लागत नाही. पडद्यावर चौकोन मांडायचे आणि बाणांनी जोडायचे. फोन आला की नोंद, नोंद झाली की ती कामाच्या रांगेत, रांगेतून थेट गाडीवाल्याच्या मोबाइलवर. खिंडीपलीकडच्या सिलिंडरांच्या कोठीला मी आकड्यांचं कुलूप बसवलं. आजाऱ्याचं नाव रुग्णालयाच्या यादीशी जुळलं की कुलपाचा आकडा गाडीवाल्याला आपोआप जायचा. ती यादी फक्त ॲपला दिसे, आम्हाला नाही. मी फार खुशीत होते.

शुक्रवारी दुपारी एजे चहाचा कप घेऊन माझ्यामागे उभ्या राहिल्या.

"सिर्गा, नदीकाठच्या जिपाराचं सिलिंडर गेलं ना गं?"

"गेलंच असणार. ॲपच्या फळ्यावर काही बाकी दिसत नाही."

"मंगळवारी फोन होता तिचा. नावाचा रकाना रिकामाच राहिला बघ. सून ती, सासऱ्याचं नाव कशी घेणार? तू म्हणालीस, यंत्र पुढचं बघेल."

नाव नसलेल्या नोंदींसाठी मी 'अपूर्ण' म्हणून एक रांग केली होती, अगदी शेवटी, घाईघाईत. ती कुणाला जोडलीच नव्हती. गाडीवाल्याला नाही, फळ्याला नाही, माणसाला नाही. उघडली तर आत अकरा नोंदी. अकराही सुनांच्या. प्रत्येकीला "नोंद झाली" असा निरोप मात्र माझ्या ॲपने न चुकता पाठवला होता, आणि त्यावर विश्वासून त्या थांबल्या होत्या.

जिपाराला फोन लावला. तिचा आवाज लांबून येत होता.

"फोन गादीवर ठेवलाय, ताई. दोन्ही हातांनी सासऱ्यांना टेकवून धरलंय. सकाळीच संपलं सिलिंडर. मला वाटलं, निघाली असेल गाडी."

जिपाराचं घर खिंडीपलीकडे, आणि खिंड बर्फाने बंद. डॉक्टरांची गाडीही खिंडीच्या या बाजूलाच अडकलेली. नशीब एवढंच, की आमचा गाडीवाला एर्मेक तेव्हा पलीकडेच होता. वीस मिनिटांत तो कोठीच्या दारात पोचला आणि दुसऱ्या फोनवर आला.

"सिर्गाताई, आकडा द्या लवकर. हात गोठले माझे."

आकडा माझ्याकडे नव्हता. मी चौकोन उकलायला घेतले, तर बदल लागू व्हायला बिश्केकच्या मुख्य कचेरीची मंजुरी हवी. हा नियमही मीच घातलेला. कुणी मध्ये ढवळाढवळ करू नये म्हणून.

"पहार मार," एजे फोनवर ओरडल्या.

"लोखंडी दार आहे, एजे. पहारेचं टोक वाकलं."

जुन्या वहीत नाव मिळेना. तिथे घरं होती, नावं नव्हतीच. जिपाराचा फोन चालूच होता.

"जिपारा, घरात दुसरं कुणी?"

"हे गुरांकडे वर गेलेत, तिकडे फोन लागत नाही. पोरं शाळेत."

"मग तुलाच सांगावं लागेल. नाव."

म्हाताऱ्याच्या छातीची घरघर तेवढी ऐकू येत होती. मी तरी कुठली शहाणी? सहा वर्षं झाली लग्नाला, सासऱ्यांचं नाव माझ्या ओठांवर आलेलं नाही. आणि चौकोन जोडताना मला हे आठवलं नाही. लाज वाटली मला, फार वाटली.

"एकोणीस वर्षं झाली, ताई," ती म्हणाली. "त्यांच्यासमोर कसं घेऊ? ऐकतायत ते."

"घे," मी म्हणाले. "पाप माझ्या माथी."

तिने घेतलं. स्पष्ट, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. मी ते इथेही लिहीत नाही. टंकताक्षणी नोंद हिरवी झाली, आणि एर्मेक ओरडला, "आला आकडा."

पुढची पंचवीस मिनिटं मी आणि एजे फोनला कान लावून बसलो. दार वाजलं, एर्मेकचे बूट ऐकू आले, मग सिलिंडरची चावी फिरल्याचा आवाज. बऱ्याच वेळाने म्हाताऱ्याचा तुटक आवाज आला.

"सुनेच्या तोंडून माझं नाव ऐकलं. वाटलं, मी गेलोच."

एर्मेक हसला. जिपारा हसली नाही. तिने फोन उचलला आणि हळू आवाजात विचारलं, "ताई, ते मी बोलले, तिकडे कुठे राहणार नाही ना?"

"नाही," मी म्हणाले.

प्रत्येक फोनचा आवाज जपून ठेवायचा चौकोनही मीच जोडला होता. संध्याकाळपर्यंत मी तो आवाज पुसायची सोय कुठे ठेवली आहे, ते शोधत बसले. ठेवलीच नव्हती.