आळूच्या पानाची वरची बाजू

आमच्या चंद्राला पुण्याला झाडापानांचं शिकायला जायचं होतं, आणि माझा भाऊ सावळीराम, म्हणजे तिचा बाप, तिला इगतपुरीला द्यायला निघाला होता. मंडळी बघायला यायच्या दिवशी मी तिला आळूवड्यांना बसवलं. म्हटलं, बये, एवढं तरी नीट कर.

आळूचं पान पालथं घालायचं, लाटण्याने शिरा दाबायच्या आणि पाठीवर पीठ लावायचं, हे नाशकात शेंबड्या पोरीलाही ठाऊक. आमची शहाणी पान हातात धरून विचारते, "आत्या, वरच्या बाजूला का नाही लावायचं?"

"माझ्या आईने कधी लावलं नाही म्हणून!"

"शाळेत बाईंनी एक शब्द सांगितलाय, ग्लॉकस. मेणाची पांढरट, निळसर साय असलेल्या पानाला म्हणतात. द्राक्षावर नसते का, बोटाने पुसली जाते ती? ह्याच्यावर ती फारशी दिसत नाही, पण पाणी ठरत नाही म्हणजे मेण असणार. ते पुसून पीठ लावलं तर?"

"डोंबल तुझं! गुमान पीठ लाव."

मी विहिरीवर गेले आणि मेलीने आपलंच खरं केलं. सगळ्या पानांना वरूनच पीठ लावलं. निम्मी पानं आधी ओल्या फडक्याने खसाखसा पुसून, निम्मी तशीच. कढईत निम्म्या वड्या सुटून नुसता चोथा झाला. आणि ही पाहुण्यांसमोर धावत आली. "आत्या, पुसलेल्या सुटल्या नाहीत!"

मुलाची आई लंकाबाई. तिने नाक मुरडलं. "सैपाक बिघडला, अन् वर हसती हाय पोरगी! आमच्यात असलं नाय चालायचं." मंडळी चहा न घेता उठली.

मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सावळीराम तरातरा परसात गेला. आता हा आळू उपटून टाकतो म्हणून मी मागे धावले.

तो उकिडवा बसून पानावर तांब्याने पाणी ओतत होता. थेंब टपाटप गळून गेले. मग धोतराच्या सोग्याने त्याने पान चोळलं, पुन्हा ओतलं.

"आक्का, पुसल्यावर पाणी खरंच पसरतंय गं," तो म्हणाला. आणि हाक मारली, "चंद्रे!"

ती आली, डोळे सुजवून.

"पानाला हे मेण लागतंच कशाला?"

काहीतरी ठोकून द्यायला काय जात होतं? पण पोरगी म्हणाली, "मला नाही माहीत, दादा."

"मग कोणाला माहीत असतंय?"

"पुण्याला शिकवतात."

सावळीराम पुन्हा पानाकडे बघत बसला.

"जा मग," तो म्हणाला. "पण कळल्यावर आधी मला येऊन सांगायचं."