शुकूरच्या टाकीतली हवा

शुकूरचं टाकीतली हवा दाखवणारं गेज बिघडलं होतं. निदान गेली दोन वर्षं तो बेटावर सगळ्यांना असंच सांगत होता. एकतीस वर्षं पाहुण्यांना समुद्राखाली नेणारा, सगळ्यांच्या टाक्या रिकाम्या झाल्या तरी अर्धी टाकी घेऊन वर येणारा हा माणूस आताशा पाऊण तासही खाली टिकत नव्हता. वय अठ्ठावन्न, पोटाचा घेर सुटलेला, पण खापर फुटत होतं बिचाऱ्या गेजवर. "काटा आपोआप खाली येतो. जुनं झालंय ते," तो म्हणायचा. मग एखाद्या पाहुण्याकडे बोट दाखवून 'तुझी हवा संपत आली' अशी खूण करायचा आणि सगळ्यांना वर काढायचा. पाहुणा बिचारा शरमायचा आणि वर माफीही मागायचा.

हे सगळं त्याच्या मुलीला, नशवाला, दिसत होतं. ती तीन वर्षं वडिलांच्या हाताखाली गाईड होती आणि तिला कंडू हवा होता. बेटाच्या दक्षिणेला जोराचा प्रवाह वाहतो ती वाट म्हणजे कंडू. तिथे सगळ्यांच्या पुढे राहायचा मान शुकूरचा. त्यानेच एकदा सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं होतं, "ज्या दिवशी माझ्यापेक्षा जास्त हवा शिल्लक ठेवून वर येशील, त्या दिवशी कंडू तुझा."

तेव्हापासून हवा मोजायची वेळ आली की गेज बिघडलेलंच असायचं.

शेवटी नशवाने राजधानी मालेहून दोन ट्रान्समीटर आणले. अंगठ्याएवढे काळे ठोकळे. टाकीच्या तोंडावरच्या रेग्युलेटरवर बसवायचे, की टाकीतली हवा थेट मनगटावरच्या कॉम्प्युटरवर दिसते. मध्ये नळी नाही, काटा नाही.

"आता गेजची तक्रार नको, बप्पा," ती म्हणाली. "बरोबर पंधरा दिवसांनी हंगाम सुरू होतोय. उद्याच होऊन जाऊ दे."

"होऊ दे की. मला काय भीती आहे?" शुकूर म्हणाला, आणि जुनं गेज काढून त्याने खिळ्याला टांगून टाकलं.

सकाळी नशवा यायच्या आत त्याने दोन्ही ठोकळे स्वतःच बसवले. त्याच्या कॉम्प्युटरशी जोडलेला कुठला ते कळावं म्हणून एकावर तिने लाल पट्टी चिकटवली होती. लहान मुलांच्या डब्याला लावतात तशी पट्टी आपल्या सामानावर शुकूरला चालण्यासारखी नव्हती. त्याने ती सोलून फेकली आणि हाताला आला तो ठोकळा आपल्या रेग्युलेटरला पिळून बसवला. एकतीस वर्षं नट पिळणाऱ्याला कोण शिकवणार?

चार जर्मन पाहुणे, दोन खलाशी आणि बापलेक अशी बोट निघाली. उडी मारण्यापूर्वी दोघांच्याही मनगटावर हवेचा दाब दोनशे बार दिसला. टाक्या एकाच हाताने भरलेल्या, त्यामुळे त्यात नवल काही नव्हतं.

पंचवीस मीटर खाली, खडकाच्या कडेला, शुकूरने पहिल्यांदा मनगट पाहिलं. एकशे ऐंशी. त्याने पुन्हा पाहिलं. जुन्या गेजवर एव्हाना दीडशे झाले असते. पंधरा मिनिटांनी एकशे साठ. शुकूरची छाती अशी फुगली की जॅकेट घट्ट झालं. मी सांगत नव्हतो? गेजच चोर होतं! एवढी हवा असताना जपून कशाला पोहायचं? तो शार्कच्या मागे गेला, कासवाभोवती दोन फेऱ्या मारल्या, प्रवाहाच्या उलट पाय मारत गेला.

एवढंच की हे नवं यंत्र जरा रुसकं निघालं. मध्येच आकडा जाऊन नुसत्या रेघा दिसायच्या. नशवा पाहुण्यांकडे गेली होती तेव्हा तर बराच वेळ रेघाच होत्या. ती परत शेजारी आली, आणि आकडाही आला. शुकूरने त्याचा फारसा विचार केला नाही. सुखात असलेला माणूस फारसा विचार करतच नाही.

विसाव्या मिनिटापासून मात्र नशवा त्याला चिकटूनच राहिली. सारखी त्याच्या तोंडाकडे बघायची, मग स्वतःच्या मनगटाकडे. थोड्या वेळाने तिने त्याचा दंड धरला आणि मनगट पुढे केलं: सत्तर. मग सगळ्यांना अंगठा वर, म्हणजे वर चला.

शुकूरने स्वतःचं मनगट दाखवलं, एकशे तीस, आणि मास्कच्या आतून हसला. पोरगी घाबरली, त्याला वाटलं. वर जाताना आणि पाच मीटरवर नेहमीची तीन मिनिटं थांबले तेव्हाही तिने त्याचं जॅकेट सोडलं नाही. दुसऱ्या हातात स्वतःचा जादा रेग्युलेटर, अडचणीत दुसऱ्याच्या तोंडात द्यायचा तो, काढून धरलेला. लहानपणी जेटीवर अशीच त्याचं बोट धरून चालायची. शुकूरला भरून आलं.

बोटीवर मात्र त्याने दयामाया ठेवली नाही.

"एकशे सव्वीस!" त्याने मनगट प्रत्येकाच्या नाकाखाली धरलं. "आणि आमच्या तरुण बाईसाहेब? सांगा की."

"चाळीस," नशवा म्हणाली.

"चाळीस! अगं, हवा पितेस की आंघोळ करतेस हवेने?"

खलाशी हसले, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. नशवाही हसली आणि खोबरं-माशाची मस हुनी रोशीच्या पोळीत गुंडाळून तिने बापाच्या हातात दिली.

जेटीवर ईसा बसला होता. टाक्या भरणं हे त्याचं वीस वर्षांचं काम. भरण्याआधी प्रत्येक टाकीला आपलं हातातलं गेज लावून बघायची त्याची सवय. शुकूरची फुशारकी ऐकत ऐकत त्याने पिवळ्या पट्ट्याची टाकी ओढली, गेज लावलं आणि हात थांबवला.

"शुकूर, ही पिवळी तुझीच ना?"

"वीस वर्षं माझीच. का रे?"

"चाळीसच आहेत हिच्यात." त्याने शेजारची टाकी पाहिली. "आणि नशवाच्यात एकशे पंचवीस."

शुकूरने मनगट पाहिलं. मग दोन्ही रेग्युलेटर पाहिले. दोन काळे ठोकळे, एकाच आईची लेकरं. सकाळी सोलून फेकलेली लाल पट्टी त्याला आठवली आणि तो रिकाम्या क्रेटवर मटकन बसला. ईसाला अचानक कॉम्प्रेसरमागे काम आठवलं.

"तुला केव्हा कळलं?" शुकूरने विचारलं.

"विसाव्या मिनिटाला. माझा आकडा धावत सुटला होता. म्हणून श्वास रोखून पाहिला. तरी उतरतोच आहे."

"पाण्याखाली श्वास रोखलास? हे शिकवलं मी तुला?"

"चारच सेकंद, बप्पा. मग तुमच्याकडे बघितलं. तुमचे बुडबुडे वर गेले की माझा आकडा खाली."

शुकूरला तो जादा रेग्युलेटर आठवला. तो कोणासाठी काढून धरला होता, हे आता त्याला कळलं. त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा मोठं असं काहीतरीही वाटलं.

"वर आल्यावर का नाही बोललीस? जिंकली होतीस तू."

"घरी सांगणारच होते. दोन वर्षांत तुम्हाला एवढं खूश बघितलं नव्हतं."

शुकूर उठला. खिळ्यावरचं जुनं गेज काढून त्याने शर्टाला पुसलं आणि पुन्हा आपल्या रेग्युलेटरला लावलं. नशवा पाना घेऊन ठोकळ्यांची अदलाबदल करायला वाकली, तेव्हा त्याने तिचा हात धरला.

"माझ्या टाकीवरचा राहू दे तसाच, तुझ्या मनगटाशी जोडलेला. तुझ्या टाकीवरचाही तुझ्याच कॉम्प्युटरला जोडून घे, म्हणजे दोघांची हवा तिथेच दिसेल. उद्यापासून कंडूत तू पुढे."

"आणि तुम्ही?"

"मी तुझ्या मागे, दोन हातांवर. हे यंत्र लांबचं ऐकत नाही." त्याने तिच्या मनगटावर बोट ठेवलं. "इथे रेघा दिसल्या, की वळून बघ गं."

"बघेन, बप्पा," नशवा म्हणाली.