सत्तावीस सेकंद

सोमवारी सकाळी ओदिल केरमारेकनं शनिवारचं टपाल उघडलं. त्यातला एक लिफाफा तिनं न फोडताच ओळखला. आत किती वेग लिहिला असेल हा प्रश्न नंतरचा. तिच्या मनात आधी आली ती गाएल.

गाएल तिची भागीदार. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या त्या गावात आणि आसपासच्या वस्त्यांवर दोघी घरोघरी जाऊन नर्सचं काम करायच्या. एक आठवडा ओदिल, एक आठवडा गाएल. तेच बावीस पेशंट, तोच रस्ता, गावातला तोच करड्या खांबावरचा कॅमेरा. तरीही लायसन्सवरच्या बारा गुणांपैकी ओदिलचे दोनच उरले होते आणि गाएलचे बाराच्या बारा शाबूत!

लिफाफ्यात होतं: मर्यादा पन्नास, वेग त्रेसष्ट. म्हणजे आणखी एक गुण गेला. उरेल एक. तोही गेला की सहा महिने गाडी बंद. आणि तिकडच्या वस्त्यांवर गाडी बंद म्हणजे नर्सही बंद.

तारीख बघून तर ती आणखी चिडली. त्या दिवशी कॅमेरा झाकलेला असायला हवा होता! गॅरेजवाला एर्वान आणि त्याची समिती दर आठवड्याला कॅमेऱ्यावर कचऱ्याची काळी पिशवी चढवायची. त्याच भरवशावर ओदिलनं ब्रेक दाबला नव्हता. पिशवी सकाळीच कोणीतरी काढून नेली होती.

तिनं एर्वानला फोन लावला.

"अरे, काय समिती तुमची! एक पिशवी धड बांधता येत नाही?"

"आम्ही बांधतो, सरकारी माणसं काढतात," एर्वान म्हणाला. "म्हणून तर शनिवारी सभा ठेवलीय, कॅमेऱ्याखालीच. गाडीवाला म्हणजे सरकारची दुभती गाय, हे मी शंभर वेळा सांगितलं तरी कोण ऐकतंय? तू बोल. नर्स बोलली की वर्तमानपत्रवालेसुद्धा फोटो काढतील."

"बोलते. पण मला सांग, गाएलला कॅमेरा कसा पकडत नाही?"

एर्वान हसला. "तिचे पेशंट सगळे ऐंशीच्या पुढचे. लायसन्स खणात पडलेलं, गुण बाराच्या बारा. गाडी चालवत होते आजोबा, असं लिहून दिलं की झालं. निम्मा जिल्हा तेच करतो. तूच मागे राहिलीस, बाई."

ओदिलच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अस्सं! म्हणून पेशंट गाएलसाठी अंडी बाजूला ठेवतात, लोण्याचा केक ठेवतात. सगळं आतून जुळवलेलं! आणि आपण मात्र वेड्यासारखे गुण गमावत बसलो. त्या क्षणी तिला कॅमेऱ्याचा जितका राग आला, त्याच्या दुप्पट गाएलचा आला.

मस्यू, म्हणजे श्रीयुत, तांगी हे तिचे रोजचे पाचवे पेशंट. वय त्र्याऐंशी. आयुष्यभर किनाऱ्यावरच्या टेहळणी मनोऱ्यात बसून त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांच्या वेळा टिपल्या होत्या. निवृत्त झाले तरी सवय सुटली नाही. आता त्यांच्या खिडकीसमोर समुद्राऐवजी रस्ता होता, आणि बरोबर समोर तो कॅमेरा.

गुरुवारी ओदिल आत आली, कोट न काढताच तिनं त्यांच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला आणि फुगवला.

"एकशे साठ," ती म्हणाली. "डॉक्टरांना कळवायला हवं. मंगळवारी येतील तेव्हा गोळी वाढवतील बहुतेक."

"बरं."

"मस्यू तांगी, एक काम होतं." ओदिलनं लिफाफा टेबलावर ठेवला. "तुमचं लायसन्स आहे ना अजून?"

"खणात आहे. सात वर्षं बाहेर आलेलं नाही."

"नुसता नंबर हवाय. तुम्ही चालवत होता असं लिहायचं. तुमचं काही जात नाही."

म्हाताऱ्यानं चष्मा लावून कागद वाचला. "त्रेसष्ट! या गुडघ्यांनी! अगं, माझ्या नातवंडांना दाखवायला हवं हे."

"थट्टा नको. गाएलला दिलात तसाच मलाही द्या."

"गाएलला?"

"लपवू नका हो. सगळ्या गावाला माहीत आहे. तिचे गुण तुमच्यासारख्यांच्या लायसन्सवर जातात. मी एकटीच परकी!"

मस्यू तांगी हसले नाहीत. त्यांनी कपाटावरून निळ्या पुठ्ठ्याची वही काढली.

"गाएलनं आजवर माझ्याकडे मागितली ती फक्त कॉफी. ती पन्नासनं येते, ओदिल. एवढंच तिचं गुपित. खिडकीतून मला रोज दिसतं. तू येतेस तेव्हा आधी टायर ओरडतात, मग तू दिसतेस. कॅमेऱ्यावर पिशवी असली तर तू ब्रेकच दाबत नाहीस, टायरही ओरडत नाहीत."

"मला बावीस घरं आहेत!"

"तिलाही बावीसच. बस जरा. औषधाच्या दुकानापासून इथवर एक किलोमीटर आठशे मीटर. पन्नासनं एकशेतीस सेकंद लागतात, त्रेसष्टनं एकशेतीन. मी गणित केलंय, घड्याळ लावूनही पाहिलंय. तू सत्तावीस सेकंद वाचवतेस."

ओदिलनं मनात हिशेब केला. दहा गुण गेले ते असल्या सत्तावीस सेकंदांसाठी?

"पूर्वी या कोपऱ्यावर पोलीस उभा असायचा," तांगी म्हणाले. "डॉक्टरांची गाडी आली की तो झाडाकडे बघायचा. महापौरांचा मेहुणा आला की सलाम ठोकायचा. अडकायचा तो परगावचा नाहीतर गरीब. तेव्हा गाव ओरडायचं, कायदा सगळ्यांना सारखा हवा. आता एक खांब आलाय, तो कोणाला ओळखत नाही. तर तुम्ही त्याच्या तोंडावर पिशवी घालता! तुला राग कॅमेऱ्याचा नाही, पोरी. आपल्याला न मिळालेली सूट गाएलला मिळाली असेल, याचा आहे. आणि ती सूट तर कोणालाच मिळालेली नाही."

"मग सगळ्यांना तीच का आवडते?" ओदिलच्या तोंडून निसटलं. आवाज लहान मुलीसारखा निघाला.

"कोण म्हणतं? तिची सुई दुखते. तुझी टोचलेली कळत नाही. मी तिला तोंडावर सांगितलंय, चार दिवस फुगून बसली होती." त्यांनी वही पुढे सरकवली. "पण हे बघ."

वहीत तारखा होत्या, येण्याच्या वेळा आणि रक्तदाब. ओदिलनं बोट फिरवलं. तिच्या आठवड्यात आठ दहा, आठ नऊ, आठ दहा. गाएलच्या आठवड्यात आठ अकरा, आठ बारा. फरक सरासरी दोन मिनिटांचाही नव्हता. मग तिचं बोट शेवटच्या रकान्यावर आलं आणि थांबलं. तिच्या आठवड्यात एकशे अठ्ठावन्न, एकशे साठ, एकशे साठ. गाएलच्या आठवड्यात एकशे चाळीस, एकशे अडतीस.

तोच माणूस. त्याच गोळ्या. तोच पट्टा!

"ती आल्यावर काय करते?" ओदिलनं विचारलं, जरी उत्तर तिला उमगलं होतं.

"कॉफी करते. पाच मिनिटं गप्प बसवते. मग मोजते."

पाच मिनिटं शांत बसवल्याशिवाय रक्तदाब मोजायचा नाही, हे ओदिल पहिल्याच वर्षी शिकली होती. शिकली होती आणि कधीतरी रस्त्यात टाकून आली होती! मंगळवारी डॉक्टर तिच्या आकड्यांवर विश्वास ठेवून गोळी वाढवणार होते. ज्याला वाढीव गोळीची गरज नाही, अशा त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाला चक्कर आली असती. बाथरूममध्ये पडला असता. आणि त्या अपघाताचा फोटो कोणत्याही कॅमेऱ्यानं काढला नसता.

तिनं कोट काढला. कॉफी ठेवली. पाच मिनिटं दोघंही रस्त्याकडे बघत बसले. मग तिनं पुन्हा पट्टा बांधला.

"एकशे बेचाळीस."

"लिही," मस्यू तांगी म्हणाले.

तिनं लिहिलं. मग लिफाफ्यातला फॉर्म काढला आणि चालकाच्या जागी सावकाश स्वतःचं नाव घातलं. गुण उरला एक. सहा महिने चूक झाली नाही तरच गेलेला गुण परत मिळणार होता; तोवर त्या एकावरच काढायचं होतं.

शनिवारी कॅमेऱ्याखाली साठएक माणसं जमली. एर्वाननं तिच्या हातात कर्णा दिला आणि दुसऱ्या हातात काळी पिशवी. "चढव, फोटो निघू दे!"

ओदिलनं गर्दीत पाहिलं. मागच्या रांगेत गाएल उभी होती, काळजीच्या चेहऱ्यानं.

"मी दहा गुण घालवले, आता अकरावा जातोय," ओदिल म्हणाली. टाळ्या पडल्या. "मला वाटायचं, गाएलची कोणाशी तरी आतून सोय आहे. कारण तिचे बारा शाबूत. मी जळत होते. अक्षरशः जळत होते! परवा कळलं, ती फक्त पन्नासनं चालवते."

कोणीतरी हसलं. एर्वान पुटपुटला, "अगं, विषयावर ये."

"हाच विषय आहे, एर्वान. घाईत मी एका म्हाताऱ्या माणसाचा रक्तदाब चुकीचा मोजत होते. या खांबानं मला दहा वेळा हळू हो म्हणून सांगितलं. मी म्हटलं, खांबच खोटा."

"कोणी विकत घेतली काय हिला?" मागून आवाज आला. दोघातिघांनी शिट्ट्या मारल्या. ओदिलचे कान लाल झाले. पण तिनं पिशवी घडी घालून खिशात टाकली आणि कर्णा एर्वानला परत दिला. सभा पुढे चालू राहिली. कॅमेऱ्याविरुद्धच्या अर्जावर सह्याही झाल्या, फक्त ठरल्यापेक्षा कमी.

गाडीपाशी गाएलनं तिला गाठलं. "माझ्याबद्दल असं वाटत होतं तुला?"

"हो. आणि मला शिव्या द्यायच्या तर दे. पण आधी ये, सुई कशी धरायची ते दाखवते."

गाएल म्हणाली, "त्या म्हाताऱ्यानं सांगितलं ना! मला चार दिवस झोप नव्हती."

वाचकहो, कॅमेऱ्यावर पिशवी घालणं सोपं आहे. आपल्याला वाटतं की नियम अन्यायी आहे. बहुतेक वेळा आपल्याला फक्त एवढंच खुपत असतं की शेजारी सुटला आणि आपण सापडलो. पण सर्वांना सारखा लागू होणारा नियम हीच आपली एकमेकांना दिलेली सर्वात मोठी सवलत आहे. ती आपण आपल्याच हातांनी झाकू नये.

पुढचा आठवडा गाएलचा होता. तो संपून त्यानंतरच्या सोमवारी पुन्हा ओदिलचा सुरू झाला. तिच्यामागे तीन गाड्या हॉर्न वाजवत होत्या. टायर ओरडले नाहीत. मस्यू तांगींनी खिडकीतून पाहिलं आणि निळ्या वहीत टिपलं: ओदिल, आठ बारा. मग उठून केकचे दोन तुकडे कापले.