सांडव्याची हवा

ब्याण्णवच्या उन्हाळ्यात धुळ्याच्या आग्रा रोडवरचं चुडामणशेठचं साड्यांचं दुकान थंड झालं आणि हिलालआबाच्या नोकरीला झळ लागली.

एसीचं मशीन एकच, माळ्यावर. तिथून पत्र्याचा डक्ट छताखालून निघाला, तो शेठच्या गल्ल्यावरून, प्रमिलाबाईंच्या शालूंवरून, तोतारामच्या मॅचिंगवरून थेट दारापर्यंत. वाटेत हवेची तीन तोंडं. प्रत्येकाच्या आत उघडझाप करणारी पाती, बाहेर दांडी. दांडी उंच, म्हणून आकडीचा बांबू आला. तो धरायला माणूस हवा, म्हणून दाराशी स्टुलावर बसणारा आबा सापडला. दारावर मात्र हवेचं तोंड ठेवलं नव्हतं. दारवानाला गारवा कशाला, असं शेठचं गणित.

आबा पिंपळनेरकडचा. तीस वर्षं पाटकरी होता. कोणाच्या वाफ्याला पाणी कधी सोडायचं, कधी तोडायचं, हे त्याच्या हातात. गुडघे गेले म्हणून लेकाकडे धुळ्याला आलेला. बांबू हाती येताच त्याने हवेलाही पाळी लावून दिली. सकाळी शालूंना गर्दी, तेव्हा हवा प्रमिलाबाईंकडे. दुपारी मॅचिंगवर पश्चिमेचं ऊन, तेव्हा तोतारामकडे. शेठना दिवसभर पात्यांचं अर्धं दार. माणसंही पाटावरचीच निघाली. तोताराम गुपचूप चहा पाजून पाळी वाढवून घ्यायचा, आणि प्रमिलाबाई डक्टकडे बघत, तोतारामचं तोंड अजून उघडंच कसं, असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू विचारायच्या.

ऐन लग्नसराईत एका दुपारी प्रमिलाबाईंच्या गिऱ्हाइकाचं तान्हं बाळ शिंकलं. त्यांनी आपलं तोंड बंद करवलं. ती हवा तोतारामवर आली आणि त्याची लेस फडफडून मापात येईना. त्यानेही बंद करायला सांगितलं. मग सगळी हवा शेठच्या मानेवर. शेठ म्हणाले, तेही लाव. तिसऱ्या दांडीला बांबू अडकवला. आबाने शेठकडे पाहिलं, शेठनी डोळे वटारले, आबाने दांडी ओढली.

डक्ट गुरगुरला, मग मशीनचा आवाजच घुसमटला. संध्याकाळी माळ्यावरून पाणी गळलं, ते नेमकं नवरीने पसंत केलेल्या शालूवर.

दुसऱ्या दिवशी जळगावहून फिटर रतिलाल आला. त्याने मशीन उघडून दाखवलं. हवा अडली, म्हणून कॉइलवर बर्फ धरला आणि वितळून गळला. उपायही त्याच्या पिशवीतच होता. तिन्ही पात्यांना मोटारी, तिन्ही भागांत थर्मोस्टॅट. जिथे थंड होईल तिथलं दार आपोआप बंद. बांबूची भानगडच नको.

शेठना ते पटलं. त्यांनी आबाला गोड आवाजात सांगितलं की महिनाअखेरपर्यंत बसा, मग घरी आराम करा. घरी आराम म्हणजे सुनेच्या नजरेसमोर दिवसभर खाट, हे आबा ओळखून होता. तो बांबू टेकत रतिलालजवळ गेला.

"भाऊ, तिन्ही जागा एकदम थंड पडन्यात ते?"

"मग तिन्ही दारं बंद होतील."

"आन् हवा कोठे जाई?"

रतिलालने पाना खाली ठेवला.

"जादा पानी जावाले पाटले सांडवा नही ते पाट फुटस," आबा शांतपणे म्हणाला. "दार मोटर लावो का मानूस लावो. तुमना पाटले सांडवाच नही शे."

रतिलाल डक्टखालून दारापर्यंत चालत गेला. मग शेठना सांगितलं की वजनाची एक झडप बसवू, दाब वाढला की आपसूक उघडेल, जादा हवा बाहेर पडेल. मोटारींचं नंतर बघू. बिलात त्याने लिहिलं, 'सांडवा, एक नग'. शेठनी ते दोनदा वाचलं आणि आबाच्या आरामाचा विषय काढलाच नाही.

त्यानंतर तिघांनी कितीदा आपापली तोंडं बंद करवली, पण बर्फ काही धरला नाही. मे महिन्यात बाहेर डांबर वितळत असताना आबा मात्र स्टुलावर मफलर गुंडाळून बसू लागला. शेठनी वर पाहिलं. झडप बरोबर स्टुलाच्या डोक्यावर होती.

"आबा, ही इथेच बसवायची हे कोणी ठरवलं?"

"पाटना शेवट जठे, सांडवा तठे," आबा म्हणाला. त्याने मफलर सारखा केला आणि स्टुलावर थोडा सरकला. "तुमले पाळी देऊ का, शेठ?"